साडेअकरा

निपाणीत आमच्या गल्लीला घड्याळ लागत नाही,
कात्र्यांच्या आवाजावरून कळतं किती वाजले.
उंबऱ्यात आक्काताई, मांडीवर सूप,
सुपाला टेकून लगमी,
वीस महिन्यांची, सहा किलो चारशे.
पानावर पत्र्याचं माप ठेवायचं, कापायचं,
चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा,
नखानं तोंड दाबायचं.
हजार झाल्या की दिवस झाला.
लगमी रडत नाही.
रडत नाही, हेच मला आधी दिसायला हवं होतं.

माझ्या पिशवीत एक पट्टी असते,
लाल, पिवळी, हिरवी.
लेकराच्या दंडाभोवती गुंडाळायची,
खिडकीत आकडा बघायचा.
साडेअकराच्या आत लाल.
लगमीच्या दंडावर ती ओढत गेले
तर थांबेचना,
दुसऱ्याची बांगडी घातल्यासारखी.

रजिस्टर कानडीत. रकान्यावर लिहिलंय 'तूक'.
आम्ही वजन म्हणतो.
काटा दोन्ही भाषांत तेवढाच हलला.
तिचा भाऊ अंड्याला तत्ती म्हणतो,
अंगणवाडीतलं अर्धं खिशातून घरी आणतो तिच्यासाठी,
बलक गल्लीतच सांडलेला असतो,
आणि खिशाला मुंग्या.

"बेळगावला न्यायला पाहिजे. चौदा दिवस ठेवतील."
"चौदा हजार बिड्या," ती म्हणाली.
हिशोब केला नाही तिनं, तो तोंडात तयारच होता.
थोरल्याला कोण बघंल?
खाडा पडला की मुनीम दुसरीला पानं देतोय.
मी खाटेचं सांगितलं, दुधाचं सांगितलं,
आईला रोजचा भत्ता मिळतो तेही सांगितलं,
तो हातात कधी पडतो ते सांगितलं नाही.
घरी आले, जेवायला बसले,
तर माझ्याच बोटांना जर्द्याचा वास.

तीन दिवस तसेच गेले.
चौथ्या दिवशी हुसेनबी दारात.
"धा घरं हैत न्हवं बाई? शंभर शंभर वळू.
तिचं सूप बंद पडायचं न्हाई."
निंगव्वाच्या डोळ्यात मोतीबिंदू,
ती म्हणाली, माझ्या पन्नासच धरा.
उरलेल्या पन्नास सुनेनं घेतल्या, कुरकुरत.
पुण्याचं काम वगैरे कुणी म्हणालं नाही.
निंगव्वा तर शिव्याच देत होती आक्काताईला,
मागच्या दिवाळीत नेलेल्या वाटीभर तेलावरून,
आणि वळत होती.

पहाटेच्या बसला मी त्यांना बसवून दिलं.
लगमीच्या टोपड्यात कुणीतरी दहाची नोट खोचलेली.

त्या पंधरवड्यात छाट फार पडला.
एक बिडी जाड, एक काडीसारखी, एकीचा दोरा सैल.
मुनीम सूप उपडं करून ओरडला,
"हे काय? एका बाईला हात किती?"
बारीक निघालेल्या त्यानं बाजूला फेकल्या.
मोजून सदुसष्ट.
त्याचं माप त्याच्याकडे.
मी तिथंच उभी होते, पिशवी छातीशी धरून.

पंधराव्या दिवशी पट्टी लावली. अकरा सात.
लाल सुटलं नुकतंच, पिवळ्यात पाऊल.
आणि रडली कशी!
कर्कश, हात झाडत,
पट्टी ओढून थेट तोंडात घातली.
हुसेनबी पलीकडून ओरडली, "आली गं बया, आली!"

आक्काताई हसत हसत म्हणाली,
"माझाबी बघा की दंड."
गंमत म्हणून गुंडाळली.
साडेएकोणीस.
लेकरांची पट्टी ती, मोठ्या बाईला सगळं हिरवंच दाखवते.
रजिस्टरात तिला रकाना नाही.
लगमीच्या नावाशेजारी, समासात,
पेन्सिलीनं मी आकडा लिहिला.

मान वर केली
तोवर तिनं पानावर पत्रा ठेवलाही होता.